वाढत्या गावाचे पाणी : कुरुंदा आणि परिसर

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे आता केवळ शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. गावात पोलीस ठाणे आहे. गावाच्या नावाशी जोडलेला टोकाई सहकारी साखर कारखाना आहे. आसपासच्या खेड्यांची ये-जा या बाजारपेठेत असते. जनगणनेच्या व्याख्येत वस्ती 'शहर' ठरायची तर किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसांची घनता आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊणशे टक्के बिगरशेती व्यवसायात असावे लागतात. लोकसंख्येची अट कुरुंद्याने केव्हाच ओलांडली आहे. बाकीच्या अटींबाबत वाद घालता येईल, पण पाणी त्या वादासाठी थांबत नाही. घरावर टाकी आली, न्हाणीघरात नळ आला, संडासाला फ्लश आला की माणसाची पाण्याची गरज शहराची होते. पाणी पुरवणारी व्यवस्था मात्र ग्रामपंचायतीचीच राहते. मराठवाड्यातील वाढत्या गावांचा पाणीप्रश्न या फटीत सापडलेला आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. त्यांपैकी औंढा आणि सेनगाव ही तालुक्याची ठिकाणे असल्याने तिथे नगरपंचायती आल्या. कुरुंद्यासारख्या, तालुक्याचे ठिकाण नसलेल्या मोठ्या गावांच्या वाट्याला तो दर्जा आपोआप येत नाही. नगरपंचायत झाल्याने पाणी वाढते असे नाही, पण अभियंता, स्वतंत्र पाणीपुरवठा विभाग आणि विकास आराखडा या तीन गोष्टी कागदावर तरी येतात. ग्रामपंचायतीकडे पाण्यासाठी असतो तो एक पाणीपुरवठा कर्मचारी. व्हॉल्व्ह सोडणारा, मोटार चालू-बंद करणारा आणि लोकांच्या शिव्या खाणारा तोच.

पाण्याचा विचार जमिनीपासून सुरू करावा लागतो, कारण या भागातील टंचाईचे निम्मे उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला. अखंड बेसाल्टमध्ये पाणी जवळपास मुरतच नाही. ते राहते वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरुमात, आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो पाणी अडवतो, आणि बोअर घेताना लाल गाळ वर आला की यंत्रवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. या खडकाची साठवण फार थोडी. पाण्याने तुडुंब भरलेल्या थरातूनही त्याच्या आकारमानाच्या अवघ्या दोन-तीन टक्के पाणी उपसता येते. गंगेच्या मैदानातील वाळूचे थर याच्या कैकपट पाणी देतात. म्हणून तिकडचे अनुभव इकडे लावता येत नाहीत. मराठवाड्याचा भूगर्भ हा लहानसा रांजण आहे. पावसाळ्यात तो लवकर भरतो, आणि जानेवारीपासून तितक्याच लवकर तळ दाखवू लागतो.

त्यावर काळी माती. कापूस, हळद, सोयाबीन यांना ही माती मानवते, पण पाणी मुरायला ती अडचणीची. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली जाते. माती फुगून भेगा मिटल्या की पुढचा जोराचा पाऊस वरच्यावर वाहून जातो. जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. बीड-धाराशिवच्या तुलनेत तर चांगलाच. अडचण आहे ती तो पाऊस थोड्या दिवसांत, आणि अनेकदा थोड्या तासांत, कोसळण्याची.

याची प्रचीती कुरुंद्याला जुलै २०२२ मध्ये आली. गावाजवळच्या टोकाई गडावर आणि परिसरात अतिवृष्टी झाली, ओढे-नाले आणि नदी पात्राबाहेर आली, आणि गावातील घरांत, दुकानांत पाणी शिरले. जिल्ह्यातील पूरस्थितीची दखल थेट मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर घेतली गेली. हे सारे पाणी आसना नदीत आणि तिच्यातून नांदेडजवळ गोदावरीत जाते. म्हणजे ज्या पाण्याने गावातील धान्य भिजवले ते दोन-तीन दिवसांत जिल्हा सोडून गेले; आणि त्याच शिवारातील विहिरींनी पुढच्या उन्हाळ्यात तळ गाठला तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. पूर आणि टंचाई यांची खाती सरकारी दफ्तरात वेगळी आहेत. पुराचे पंचनामे महसूलवाले करतात, टंचाई आराखडा पंचायत समिती आणि जिल्हा परिषद करते. शिवारात मात्र दोन्हींचे कारण एक आहे: डोंगरावर आणि माळावर पाणी थांबत नाही, ओढ्याचे पात्र गावाजवळ आले की आक्रसते, आणि गावात सिमेंटचे रस्ते आणि फरशा वाढल्याने जमिनीचे तोंड बंद होते. पाणलोटाचे काम म्हणूनच पूरनियंत्रणाचेही काम आहे. टोकाईसारख्या गडाच्या उतारावर सलग समतल चर, दगडी बांध आणि झाडोरा असेल तर पुराचा कळस खाली येतो आणि पायथ्याच्या विहिरींना पाझर लागतो.

पाणलोटाच्या कामाचा महाराष्ट्राला मोठा अनुभव आहे, आणि तो सगळा गौरवाचा नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव आणि नालाबांध उभे राहिले. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. त्यातील सर्वांत दिसणारे काम म्हणजे नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण. जेसीबी लागला की आठवड्यात काम उरकते, छायाचित्रही चांगले येते. माथ्यावरचे चर आणि बांध मात्र माणसांच्या हातांनी, पाणलोटाच्या क्रमाने करावे लागतात. माथा ते पायथा हा क्रम मोडला की वरची माती दोन पावसांत खालच्या खोल केलेल्या नाल्यात येऊन बसते. महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात, साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊनही पाणी आणि भूजलपातळी यांवर अभियानाचा प्रभाव अल्पच पडला, असा ठपका ठेवला. अभियानाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेक गावांत विहिरींना एक-दोन महिने जास्त पाणी टिकले. पण ते जास्तीचे पाणी पिण्यासाठी राखले गेले नाही, नव्या पिकाकडे गेले. साठवण वाढवताना वापराचा हिशोब न ठेवल्यास असेच होते.

दुसरा मार्ग दुरून पाणी आणण्याचा. या भागात तो पूर्णा प्रकल्पाचा. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर ही दोन धरणे १९६८ पर्यंत पुरी झाली. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा सुमारे ८१. वसमत तालुक्यातील ऊस, हळद आणि केळी या धरणांच्या कालव्यांवर वाढली, आणि आसपासच्या शहरांची पिण्याच्या पाण्याची भिस्तही याच दोन जलाशयांवर आहे. धरण जवळ आहे म्हणून निश्चिंत राहावे अशी मात्र स्थिती नाही. येलदरी अनेकदा सलग काही वर्षे भरत नाही. वरच्या अंगाला, बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाल्यापासून तर तिची आवक त्या धरणाच्या भरण्यावरही अवलंबून झाली आहे.

दूरच्या एकाच उद्भवावर विसंबलेल्या शहराचे काय होते ते लातूरने २०१६ मध्ये दाखवले. मांजरा धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागले. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. म्हणजे सारे पाणी सरळ वाटले असते तर पहिल्या गाडीने माणशी सव्वा लिटरच्या आसपास आणि मोठ्या गाडीने साडेसहा लिटर मिळाले असते. देशभर गाजलेल्या त्या गाडीचा हा हिशोब आहे. शेकडो किलोमीटरवरून येणारे पाणी संकट निभावते, शहर चालवत नाही. छत्रपती संभाजीनगरचा इतिहास याच्या उलट बाजूने वाचता येतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आसपासच्या डोंगरांतील झिरपा भूमिगत नळांनी शहरात आणला. त्या नहरी शेकडो वर्षे विजेशिवाय चालल्या. आज तेच शहर जायकवाडीचे पाणी उपसून, चढावर चढवून घेते, आणि जलाशयात पाणी असतानाही नळाला ते काही दिवसांआड येते. उद्भव मोठा झाला, वाटप लंगडे राहिले.

मग माणसाला पाणी लागते किती? जलजीवन मिशनने, म्हणजे १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या योजनेने, ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटरचा निकष धरला. भुयारी गटार नसलेल्या शहरांसाठी ७० लिटर आणि गटार असलेल्यांसाठी १३५ लिटर हे केंद्र सरकारच्या नियमावलीतले प्रमाण आहे. दहा हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरने दिवसाला साडेपाच लाख लिटर लागतात. हा आकडा दडपण आणणारा वाटतो. तो शेतीच्या आकड्याशेजारी ठेवला की प्रमाण कळते. उसाला मोकाट पाणी दिले तर वर्षभरात हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर पाणी जाते. दहा हजार लोकांची छत्तीस दिवसांची गरज तेवढी आहे. तोच ऊस ठिबकवर घेऊन एक-तृतीयांश पाणी वाचवले, तर एका हेक्टरमागे त्या गावाचे बारा दिवसांचे पाणी शिल्लक राहते. कुरुंद्यासारख्या गावात पिण्याच्या पाण्याची सर्वांत मोठी राखीव पेढी गावाभोवतीच्या शिवारात आहे, ती अशी.

वसमतच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, असेही आता म्हणता येते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीची लागवड सरी-वरंब्यावरून गादीवाफ्यावर आणि पाटपाण्यावरून ठिबकवर गेली, ती पाण्याच्या तळमळीने नव्हे. गड्ड्याची वाढ चांगली होते, कंदकूज कमी होते आणि खत ठिबकमधून देता येते म्हणून. हळद शिजवण्याचीही तीच गोष्ट. कढईत पाणी ओतून हळद उकळण्याऐवजी वाफेच्या कुकरमध्ये शिजवली की पाणी आणि जळण दोन्ही कमी लागते. पाणीबचतीचे जे उपाय टिकले ते असेच दुसऱ्या फायद्याच्या पाठीवर बसून आले आहेत. साखर कारखान्यापाशीही एक दुर्लक्षित साठा असतो. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. हजार टन ऊस गाळला की त्याबरोबर सात लाख लिटर पाणी कारखान्यात येते. रस आटवताना निघणारे ते पाणी निववून आणि शुद्ध करून पुन्हा वापरले, तर गाळप हंगामात कारखान्याला बाहेरचे पाणी फारसे लागू नये.

गावाच्या आतले पाणी वाया जाते ते वेगळ्या वाटांनी. पाइपलाइन वेगवेगळ्या योजनांत, वेगवेगळ्या काळात टाकलेली असते. तिचा नकाशा कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाला की नकाशाही जातो. सांध्यांतून गळती, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेले डबके, खालच्या आळीतले तोटी नसलेले नळ ही रोज दिसणारी दृश्ये. केंद्राच्या सेवा मानकांनुसार शहराच्या पुरवठ्यातले वीस टक्क्यांहून जास्त पाणी बेहिशोबी जाऊ नये. बहुतेक वाढत्या गावांत हा आकडा काय आहे ते सांगता येत नाही, कारण टाकीतून सुटणारे पाणी मोजणारे मीटरच नसते.

पाणी रोज न येता दिवसाआड किंवा त्याहून उशिरा आल्याने बचत होते, असा एक समज प्रशासनात खोल रुजलेला आहे. अनुभव उलटा आहे. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की घरोघरी हौद, पिंप, टाक्या भरल्या जातात. नळाला मोटार लावली जाते. आणि पाणी आले की आधीचे 'शिळे' पाणी अंगणात ओतून ताजे भरले जाते. मोटार लावणाऱ्याच्या घरी दाब, शेवटच्या घरी थेंब. शिवाय रिकाम्या नळांत पोकळी तयार होते आणि गटारीतले पाणी गळक्या सांध्यातून आत ओढले जाते. पावसाळ्याच्या तोंडावरच्या जुलाब आणि काविळीच्या साथींचे एक कारण इथे आहे. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो तो आणखी निराळा.

या बाबतीत महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण मोठ्या शहराचे नाही, कऱ्हाडजवळच्या मलकापूरचे आहे. कऱ्हाडला लागून वाढलेले हे गाव ग्रामपंचायतीतून २००८ मध्ये नगरपंचायत झाले, आणि पुढच्याच वर्षी तिथे चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या या योजनेत घरोघरी मीटर बसवले आणि टप्प्यांचा दर लावला: थोडे वापरा तर स्वस्त, जास्त वापरा तर चढ्या दराने. चोवीस तास नळ चालू म्हणजे पाण्याची उधळपट्टी, ही भीती तिथे खोटी ठरली. पाणी केव्हाही मिळते म्हटल्यावर साठवण संपली, शिळे पाणी ओतणे संपले, आणि दर महिन्याचे बिल हाती आल्यावर गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर मिळू लागला. मलकापूरला नदीचा उद्भव जवळ होता, कुरुंद्याला तो नाही. तरी त्या योजनेचा गाभा उद्भवात नसून मोजमापात आहे. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यासारख्या ग्रामपंचायतीनेही मीटर लावून पाणी दिले आहे, तेव्हा ग्रामपंचायतीला हे झेपत नाही असे म्हणण्याला आधार उरत नाही. वर्षाला ठोक पाणीपट्टी आणि तीही थकीत, हे बहुतेक गावांचे चित्र आहे. त्यातून वीजबिल थकते, जोडणी तुटते आणि विहिरीत पाणी असताना गाव कोरडे राहते. अशी टंचाई निसर्गाच्या नावावर घालू नये.

घरातल्या वापरात सर्वांत मोठा फरक संडास पाडतो. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटरांपेक्षा जास्त सोडते. पाच माणसांच्या घरात हा फरक दिवसाला शंभर लिटरांच्या घरात जाऊ शकतो. नवे घर बांधताना कुठले भांडे बसवायचे हा निर्णय गवंडी आणि दुकानदार घेतात, पाणीपुरवठा समिती घेत नाही. आरओ यंत्राचेही तसेच. शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे लिटरभर किंवा अधिक पाणी ते बाहेर टाकते. जारचे पाणी विकणाऱ्या केंद्रांतून हे पाणी थेट गटारीत जाते. ते पिण्याजोगे नसले तरी धुण्याभांड्याला, फरशी पुसायला सहज चालते.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. या पाण्यासाठी शेजारच्या नांदेड जिल्ह्याने एक साधी वाट घालून दिली. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले. खड्ड्याच्या मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, आणि न्हाणी-मोरीचे पाणी त्यात. उघड्या गटारी बंद झाल्या, डास कमी झाले, आणि पुढे जिल्हा परिषदेने 'मॅजिक पिट' या नावाने हे काम रोजगार हमीतून जिल्हाभर नेले. कुरुंद्याच्या काळ्या मातीत हा खड्डा मुरुमापर्यंत खोल न्यावा लागेल, नाहीतर एका पावसाळ्यात तो तुंबतो. आणि संडासाचे पाणी त्यात सोडता कामा नये, तसेच पिण्याच्या विहिरीपासून तो लांब असावा. दाट वस्तीत, जिथे अंगणच नाही, तिथे सामुदायिक खड्डे किंवा गावाच्या खालच्या अंगाला स्थिरीकरण तळे हाच पर्याय उरतो.

छपरावरच्या पावसाचा हिशोबही सोपा आहे. पन्नास चौरस मीटरच्या स्लॅबवर आठशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा उडाला-सांडला असे धरले, तरी ३२ हजार लिटर पाणी हाती येते. पाच माणसांच्या कुटुंबाला ५५ लिटर दराने ते ११६ दिवस पुरेल. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांना हे पाणी साठवता येत नव्हते. मातीचे छप्पर पन्हळीतून गढूळ पाणी सोडायचे. माळवदे जाऊन स्लॅब आले, तेव्हा पाणी गोळा करायची सोय आपसूक झाली, पण पाइप रस्त्यावर सोडला गेला. सगळे पाणी टाकीत साठवणे खर्चाचे आहे, म्हणून पहिला पाऊस सोडून देऊन पुढचा वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या आडात किंवा बोअरमध्ये सोडणे अधिक व्यवहारी. त्या बाबतीत हलगर्जी मात्र परवडत नाही. न गाळलेले पाणी थेट बोअरमध्ये सोडल्यास त्याने भूजल दूषित होते आणि मग ते वर्षानुवर्षे शुद्ध होत नाही. बुजवलेले आड उकरणे आणि बारवांतला गाळ काढणे हेही याच कामाचे अंग. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील चारठाण्याच्या बारवेची स्वच्छता झाली तेव्हा तिचे बांधकाम लोकांच्या डोळ्यांत भरले. पाणवठा म्हणून तिचे मोल त्याहून मोठे आहे.

कायद्याची उणीव नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास परवानगीशिवाय मनाई केली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने त्याची जागा घेतली आणि खोल विहिरींवर, म्हणजे साठ मीटरपलीकडच्या उपशावर, बंधन आणले. प्रत्यक्षात बोअरचे यंत्र रात्री येते आणि पहाटे जाते. तक्रार करायची ती शेजाऱ्याविरुद्ध, म्हणून कोणी करत नाही. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम पाळला, तो ग्रामसभेने स्वतः केला होता म्हणून; तहसीलदाराच्या नोटिशीने तो टिकला नसता. पैशाचीही सबब पुरती खरी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या ग्रामपंचायत अनुदानातील साठ टक्के निधी बंधित ठेवला, आणि त्याचा निम्मा भाग पिण्याचे पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापर यांसाठीच खर्चायचा ठरवला. टाकीला मीटर, जुन्या व्हॉल्व्हची बदली आणि नळांचा नकाशा ही कामे अशा पैशांत बसतात. ती उद्घाटनाची कामे नसल्याने मागे राहतात, इतकेच.

सरकारी टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. विहीर अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, टँकर या त्याच्या ठरलेल्या पायऱ्या. यातला प्रत्येक उपाय पाणी संपल्यानंतरचा आहे. अधिग्रहणाची विहीर ज्या शेतकऱ्याची, त्याला मोबदला मिळतो. पण पाणी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. गावासाठी रब्बीतले एक पाणी कमी घेणाऱ्याला ग्रामपंचायतीने मोबदला द्यावा, ही कल्पना टँकरपेक्षा स्वस्त आहे आणि तिचा गंभीर विचार व्हायला हवा.

कामाचा क्रम लावायचा झाला तर नवा उद्भव शोधणे शेवटी येते. आधी टाकीवर मीटर, मग गळती, मग ठरलेल्या वेळी रोजचा पुरवठा, मग घरगुती मीटर आणि टप्प्यांचा दर; त्याच काळात शोषखड्डे आणि गडाच्या उतारावरची कामे. बहुतेक गावे हा क्रम उलटा धरतात, कारण नवी योजना मंजूर करून आणणे ही राजकीय कमाई असते, तर गळती बंद करणे कोणाच्याच नावावर जमा होत नाही. यात सर्वांत अवघड आहे ते रब्बीची पिके आणि पिण्याचे पाणी यांची वाटणी, आणि ती कोणा अधिकाऱ्याला परस्पर करता येणारी नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी दरवर्षी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरचा आकडा हाती येतो तेव्हा रब्बीची पेरणी सुरू होत असते. कुरुंद्याने आणि कुरुंद्यासारख्या प्रत्येक वाढत्या गावाने तो आकडा त्याच महिन्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, जूनअखेरपर्यंतचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे, आणि उरलेल्यात कोणते पीक बसते ते सभेतच ठरवावे.